पंचवीस अक्षरं

ठाण्याला कोर्ट नाक्यावर माझं टेबल आहे,
वर पत्रा, खाली यूपीएस, मधे मी, वैजयंती भोईर.
लोक येतात, खरं काय ते सांगतात,
मी ते खरं वाटेल असं टाइप करते.
'मी खाली सही करणार सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की'
एवढं तर बोटं झोपेतही लिहितात.

मंगळवारी खारीगावचे हिराजी केणी समोर बसले होते.
वारसाचा कागद. तीन भाऊ, त्यातला एक गेलेला,
एक बहीण, जिचं नाव सातबाऱ्यावर कधी चढलंच नाही.
चौथ्या परिच्छेदाला स्क्रीन काळा पडला.
वर पट्टी: ही किल्ली आता वैध नाही.
आपली फसवणूक झालेली असू शकते.
हिराजी पुढे वाकले,
बाय, माज्या कागदान काय चुकला का?
म्हटलं, नाही काका. तुमच्यात नाही.

चौदा महिन्यांपूर्वी भाच्यानं शोधून दिली होती.
तीनशे एकोणपन्नास. दुकानात तीच अकरा हजारांच्या पुढे.
विकणाऱ्याचं नाव म्हणजे तीन अक्षरं नि चार आकडे.
दोन मिनिटांत मेल: पाच-पाचाचे पाच गट, मधे आडव्या रेघा.
बिल मागितलं तर त्यानं अंगठा पाठवला.
माझ्या धंद्यात अंगठ्याला सही मानतात.
मी मानली.
सोबत एक बारकी फाइल, आणि सूचना,
उघडण्याआधी अँटीव्हायरस बंद करा.
म्हणजे राखणदाराला निजवा, मग पाहुण्याला आत घ्या.
निजवला.

किल्ली खोटी नव्हती, हेच तर.
सेटिंगमधे खोल गेलं की परवानाधारकाचं नाव दिसायचं,
कुठल्याशा थंड मुलखातलं एक तंत्रविद्यालय.
त्यांनी घाऊक घेतलेली,
कोणी तरी सुटी करून विकली. किती जणांना, देव जाणे.
चौदा महिने ठाण्यातली शेकडो सत्यं
त्या शाळेच्या नावावर छापून निघाली.

पारसनीस वकीलबाई चहा घेता घेता म्हणाल्या,
तू वस्तू घेतलीच नाहीस गं, परवानगी घेतलीस.
आणि ज्यानं दिली, त्याची ती द्यायची नव्हतीच.
मग मी चोर का?
बाईंनी बशी खाली ठेवली.
तुझी बाजू मांडता येईल, म्हणाल्या,
पण मांडावी लागेल.

समोरच्या फुटपाथवर याकूबभाई चाव्या करतात.
साबणावर ठसा घेऊन कोणी आलं
की मान वर न करता सांगतात, कुलूप घेऊन ये.
इतकी वर्षं ऐकतेय हे मी, कागद मोजता मोजता.

रात्री झोप उडाली ती पैशांनी नाही.
मशीनमधे चार वर्षांची आधारकार्डं आहेत,
घटस्फोटांचे मसुदे,
हिराजींच्या बहिणीच्या अंगठ्याचा स्कॅन,
आणि ती बारकी फाइल, जिला मी आपल्या हातानं
दार उघडून 'या' म्हटलं होतं.
आत बसून काय करतेय कोण जाणे.
कदाचित काहीच नाही.
'कदाचित' हा शब्द प्रतिज्ञापत्रात चालत नाही.

बुधवारी मशीन पुसून कोरं केलं.
केण्यांचा कागद शेजारी दळवींच्या टेबलावरून काढून दिला,
पैसे घेतले नाहीत, ते का म्हणून विचारत राहिले.
नवी किल्ली दुकानातून, हप्त्यानं, नऊ महिने.

शनिवारी बिल आलं, जीएसटीसकट.
परवानाधारक: वैजयंती भोयर.
एक अक्षर चुकलेलं.
हसूच आलं.
'भोईर व भोयर ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून
ती व्यक्ती मीच आहे', असा कागद लागेल.
दीडशे रुपये.
थांबलात तर लगेच.